बोटभर वाट

डेक कापला तेव्हा कळलं
ही बोट चौघांनाही का उचलत नव्हती.
तळाशी फोम होता, तपकिरी, फुगलेला,
पाणी पिऊन सुस्त पडलेला.
फावड्याने काढत गेले, पोत्यांत भरत गेले,
बटाट्यांच्या जुन्या काट्यावर तोलत गेले.
दोनशे चौदा पौंड.
इतकी वर्षं आम्ही सरोवरच वाहून नेत होतो
सरोवरावरून.

हॅनकॉकच्या वृद्धाश्रमातून रेइनोचा फोन, रोज साडेचारला.
भाऊ माझा. बोट त्याची. गुडघे आता दोघांचेही गेलेले.
"ओतायचाच घे," म्हणतो, "दोन बाटल्यांचा.
कानाकोपऱ्यात शिरतो,
बोटीला हाडं येतात."
"हाही ओतलेलाच होता, रेइनो.
हाच मी फावड्याने काढलाय."
"तो काळ वेगळा होता."
फोमचासुद्धा?

दुकानात डेल पेलकोला तुकडे मांडतो:
निळा तक्ता, गुलाबी तक्ता, पांढरा मण्यामण्यांचा.
पांढरा नको, तोच म्हणतो, उंदरांना फार आवडतो.
निळा सहसा पाणी पीत नाही,
पण पेट्रोलपुढे टिकत नाही.
घरी येऊन बशीत तुकडा ठेवला, वर चमचाभर पेट्रोल.
विरघळला, चहातल्या साखरेसारखा. आवाजही नाही.
आणि टाकी नेमकी मागे, त्याच जागेच्या डोक्यावर.

घनफूटभर फोम साठेक पौंड धरून ठेवतो.
वीजबिलाच्या पाकिटावर हिशोब मांडते.
इंजिन. बॅटरी. नांगर. मी.
रेइनोला धरावं की नाही, इथे पेन्सिल थांबते.
धरते. एकशे सत्तर. पूर्वीचं वजन.

तसा फोम काही बोटीला तरंगवत नाही.
रोजचं तरंगणं तिचं तीच करते.
फोम त्या एका दिवसासाठी,
जो येऊ नये म्हणून आपण आभाळ बघून निघतो.

एकोणऐंशीचा सप्टेंबर, पहिला आठवडा.
लाट मागून आली आणि बोट काठोकाठ भरली.
वीतभर खाली गेली,
तिथेच राहिली.
दोन तास चाळीस मिनिटं आम्ही तिच्यात, छातीभर पाण्यात बसून.
मला झोप लागू नये म्हणून
रेइनो मासळीचे भाव सांगत होता, गावोगावचे, अर्धे खोटे.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
आमची काडी आज सात पोत्यांत भरून
कचरा डेपोवर नेली.
शेवटचं पोतं ढकलताना हात जरा अडखळला.
मग ढकललं. पँट भिजली.

शेवटी ठरलं ते असं:
तळाला निळे तक्ते, एकावर एक,
त्यांच्याखाली बोटभर वाट मोकळी,
पाणी आलं तर जायला.
येणारच नाही, असं मी आता कशाबद्दलच म्हणत नाही.
टाकीपाशी काळा, पेट्रोल सोसणारा, महागडा.
आणि पुढच्या निमुळत्या पोकळीत, जिथे तक्ता शिरत नाही,
तिथे रेइनोचा.

एप्रिल असून शेडमध्ये बादलीतलं पाणी गोठलेलं.
थंडीत तो नीट फुगत नाही,
म्हणून दोन्ही बाटल्या सौनात नेल्या,
खालच्या बाकावर टॉवेल घालून बसवल्या, पाहुण्यांसारख्या.
ढवळायला वीस सेकंद.
आईने शिकवलेल्या फिनिश आकड्यांत मोजले.
ओतला.
आधी काहीच नाही.
मग दुधासारखा वर चढू लागला,
आणि मी वेड्यासारखी फुंकर मारली.

साडेचार.
"भरला?"
"भरला. थोडा उतू गेलाय, उद्या करवतीने कापेन."
बराच वेळ फक्त त्याचा श्वास.
"आणि खाली वाट ठेवलीस ना?"
"ठेवली. बोटभर."
"कुणाचं बोट?"
मी हाताकडे पाहिलं. फोम सुकून तर्जनी ताठ झालेली.
"माझं," म्हटलं. "तुझी आता बारीक झालीत."